आवळलेलं दार

माझा नंबर प्लसचा, मोठा. काल नवा चष्मा देताना दुकानदाराने जुनी जाड काच आणि नवी काच चौकटीच्या वहीवर शेजारी शेजारी धरली. नवी कडेकडे चपटी होत जाते, म्हणून तिच्याखाली चौकटी सरळ होत्या. जुनी सगळीकडे सारखीच गोल. तिच्याखाली उभ्या रेघा मधोमध आत ओढल्या गेल्या होत्या.

मला आमचं हिंगोलीचं घर दिसलं. सत्तरच्या दशकातली सकाळ. वडिलांचं, अण्णांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जाड भिंगाचा चष्मा आला होता. खोलीत डोळ्यांच्या औषधाचा वास. अण्णा उंबऱ्याशी अंग चोरून उभे, आणि मला शाळेत शिकवायला जायची घाई.

"पोरी, दार मधातून आवळलंय. मी मावत न्हाई."

"काहून नाटक करून राहिले तुमी? दार बराबर हाय."

मी त्यांचा हात धरून ओढला. हात घामाने ओला होता. त्यांनी दुसऱ्या हाताने चौकट घट्ट धरली, मग सोडली, आणि चष्म्याआडचे डोळे मिटून घेतले. तसेच, मिटल्या डोळ्यांनी, बाहेर आले. शेजारीण हसली. मीही हसले.

पुढे ते दिवसभर खाटेवर बसून त्या दाराकडे बघत राहायचे. बाहेर जायचंच झालं तर उंबऱ्याशी डोळे मिटायचे. दाराबद्दल मात्र माझ्याशी पुन्हा कधी एक शब्द बोलले नाहीत.