सरांचा पांढरा कोट

बायांनो, मंडळाच्या फळ्यावर आज भजनाची वेळ लिहायची होती. राहू द्या, आधी हे वाचा.

माझी नात सुशीला कॉलेजात शिकते. घरचे तिले एकटी पाठवत नाहीत, म्हणून सोबत मी. आज अंधाऱ्या खोलीत तिचा प्रयोग होता. दिवा दूर न्यायचा अन् उजेड मोजणाऱ्या यंत्राचा काटा किती उतरते, ते लिहायचं. दिवा दुप्पट दूर नेला की काटा पाव हिश्श्यावर यावा. पण काही केल्या येईचना.

पांढरा कोट घातलेले सर यंत्राले खेटून उभे. म्हणाले, "मुलींना हे जमायचं नाही. आज आलं नाही तर वहीवर सही नाही, आणि परीक्षाही नाही."

मी चाळीस वर्षं मागावर बसली. पांढऱ्या धोतराचा माणूस शेजारी उभा राहिला, की सुतावरचा उजेड बदलते.

"सर, बाजूले व्हा. तुमच्या कोटाचा उजेड यंत्रावर पडून राहिला."

"आजी, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"उजेड कळते. सरका!"

सरकले. "पाह्य वं आता," मी सुशीलेले म्हटलं. काटा बरोबर पावावर. तिनं तीनदा करून दाखवलं, सरांनी वहीवर सही केली.

बायांनो, तुमच्या पोरीले जमत नाही म्हणणारा नेमका कुठं उभा असते, पाहिलं काय कधी?