लाल-निळ्या राज्यांचे नाना

जामनेरच्या बाजारात कोथिंबिरीचा भाव नानांना कधी सांगता आला नाही. पण अमेरिकेतलं कुठलं राज्य कोणत्या पक्षाचं, हे ते झोपेतूनही सांगत. तिथल्या दोन मोठ्या पक्षांचे रंग लाल आणि निळा. लाल पक्षाची राज्यं, निळ्या पक्षाची राज्यं आणि दर खेपेला कुंपणावर बसणारी पाच-सात. नाना शाळेत भूगोल शिकवत. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मी लागलो. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायची सवय मला तेव्हापासून लागली.

त्यांची मुलगी टेक्सासला स्थायिक झालेली. मागच्या निवडणुकीत ती फोनवर म्हणाली, “नाना, इथं सगळं लालच. माझं निळं मत पडलं काय, न पडलं काय.”

“रंग राज्याला लावतात, बाई, माणसाला नाही,” नाना म्हणाले. “तू जाऊन ये.” ती गेली. राज्य लालच राहिलं. नानांनी मात्र तिला मत दिल्याबद्दल शाबासकी दिली, नातवंडाला द्यावी तशी.

एकदा मी विचारलं, “नाना, एखाद्या पक्षाचा बालेकिल्ला पडतो तरी कसा?”

त्यांनी वेस्ट व्हर्जिनियाची गोष्ट सांगितली. कोळशाच्या खाणींचं राज्य. आजोबा, बाप, नातू सगळे निळ्या पक्षाचे. पुढे खाणी बंद पडत गेल्या, आणि आपल्याला कोणी विचारत नाही असं लोकांना वाटू लागलं. बघता बघता राज्य लाल झालं. “किल्ला मतदानाच्या दिवशी पडत नाही,” नाना म्हणाले. “आधी विचारपूस थांबते.”

मग हळूच म्हणाले, “आबाशी बोलून बरीच वर्षं झाली रे.”

आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, पिंपळनेरला शेती करणारे. घराणं एकाच पक्षाचं. तरुणपणी नानांनी गावात विरोधी उमेदवाराचा प्रचार केला, तेव्हा आबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. त्यानंतर दोघं लग्नकार्यात समोरासमोर यायचे, पण बोलायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी नानांनी मला बरोबर घेतलं आणि एसटीनं आम्ही पिंपळनेर गाठलं. आबा अंगणात मिरच्या वाळत घालत होते. त्यांनी नुसतं वर बघितलं. “उना का रे? बठ,” म्हणाले, आलास का, बस, इतकंच, आणि घरात चहा सांगायला गेले. नाना खाटेवर बसले.

त्यानंतर दोघं रोज फोनवर बोलू लागले. पक्ष कोणीच बदलला नाही.

यंदा नाना गेले. दहाव्याला आबा माझ्याशेजारी येऊन बसले. शाळेतल्या माणसाशी बोलायचं म्हणून शब्द निवडत म्हणाले, “सर, तो मला फोनवर तिकडची राज्यं समजावायचा. हे कसं फिरलं, ते का नाही फिरलं. मला एक अक्षर कळायचं नाही.”

मग म्हणाले, “पण मी कधी फोन ठेव म्हटलं नाही.”