डावी बाजू

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी रत्नागिरीहून काका आले आणि हॉलमधल्या फोटोला हार घालून, डोळे मिटून, हात जोडून मोकळे झाले. फोटो बाबांचा नव्हता. बाबांच्या लाडक्या नटाचा होता, हॉलिवूडच्या कृष्णधवल जमान्यातला. डोक्यावर तिरकी हॅट, एक भुवई वर. काकांना मोतीबिंदू, आणि बाबा जन्मभर त्या नटासारखी मिशी कोरत आलेले. काकांचा तरी काय दोष! आई आतूनच म्हणाली, "अहो भावोजी, तो ह्यांच्या कितीतरी आधी गेला. त्याला कसला हार घालताय?"

काकांनी ओशाळून हार काढला. पण मग घालायचा कुणाला? बाबांचे फोटो घरात पन्नास असतील, आणि एकातही त्यांचा धड चेहरा नाही.

त्याचं कारणही तो नटच. त्याचा उजवा कान म्हणे जरा पुढे आलेला. म्हणून स्टुडिओवाल्यांनी ठरवून टाकलं, ह्याला कॅमेऱ्यात डावीकडूनच घ्यायचं. झालं! बाबांनीही तेच धरलं. कॅमेरा दिसला की मान उजवीकडे, डावा गाल पुढे. लग्नाच्या फोटोत आई समोर बघतेय आणि नवरदेव भिंतीकडे. माझ्या कन्यादानाच्या फोटोत मी रडतेय, आणि बाप माझ्याकडे नाही, फोटोग्राफरला डावा गाल देऊन उभा. पुढे मोबाईल आले तरी तेच. मीरा रोडचे शेअर रिक्षावाले त्यांना 'हीरो अंकल' म्हणायचे. ती थट्टा आहे हे बाबांना कधी कळलं नाही. की कळलं होतं, देव जाणे.

त्या नटाचं चरित्र आम्हाला तोंडपाठ. दर रविवारी जेवणानंतर बाबा लावायचेच. शेतमजुराचा पोर, हॉटेलात बशा धुतल्या, गर्दीतल्या माणसाचं काम मिळालं, मग स्टुडिओने करारावर घेतलं. नाव बदललं, दात काढून नवे बसवले, बोलायचं कसं, चालायचं कसं, सगळं शिकवलं. मग एकावर एक सिनेमे, आणि मग ते मोठं बक्षीस. बक्षिसापाशी बाबांची गोष्ट संपायची. मी कितवीत आहे, हे मात्र ह्या माणसाला विचारल्यावर आठवायला लागायचं.

फूटपाथवरून आणलेलं त्याच्यावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक कॉलेजात असताना मी चोरून वाचलं. निम्म्यापर्यंत पानं बाबांच्या बोटांनी काळवंडलेली. पुढची कोरी करकरीत. पुढे काय होतं? दारू, टकलावर केसांचा टोप, चार लग्नं, आणि एक मुलगी, जिने बापाला पडद्यावरच जास्त पाहिलं. मी पुस्तक होतं तिथे ठेवून दिलं. माझ्यासाठी त्यात नवीन काही नव्हतं.

तर आई हटून बसली. "तेराव्याला मला ह्यांचा समोरून काढलेला फोटो हवा. दोन्ही गालांचा."

"आता कुठून आणू?" मी वैतागलेच. "आणि एवढं काय अडलंय उजव्या गालावाचून?"

आई तांदूळ निवडत होती. ताट तिने बाजूला ठेवलं.

बाबांच्या उजव्या जबड्यावर एक डाग होता, रुपयाएवढा, चकचकीत. जन्मखूण आहे, असं बाबांनी मला सांगितलेलं. आई म्हणाली, "कसली जन्मखूण! गिरगावच्या चाळीत स्टो भडकला. तू व्हायची होतीस. माझा पदर पेटला. ह्यांनी गोधडी टाकून मला असं कवटाळलं, तेव्हा भाजलं ते. आपण दोघी आहोत ना, त्या डागामुळे आहोत." मग म्हणाली, "दवाखान्यातून आले आणि आरशात बघून ढसाढसा रडले. मी वाचले म्हणून नव्हे हं. तोंड गेलं म्हणून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, आयुष्यात एकदाच खरोखरचे हीरो झालात, आणि तेच लपवलंत? रविवारच्या रविवार त्या परक्या माणसाच्या बशा आम्हाला ऐकवल्यात, आणि हे एकदाही नाही? मला हा बाप चालला असता हो. डागासकट पळाला असता.

कपाटं उपसली. शेवटी सापडलं ते आधार कार्ड. तो दिवस मला लख्ख आठवतो. सेंटरवरची पोरगी म्हणाली, "अंकल, टोपी निकालो. सीधा देखो." बाबांनी टोपी काढली, पण मान वळवलीच. दोनदा. तिसऱ्यांदा ती खुर्चीवरून उठली, त्यांची हनुवटी धरली आणि सरळ केली. घरी येईपर्यंत बाबा रिक्षात धुमसत होते. कार्ड आल्यावर पाकिटात उलटं घालून ठेवलं. फोटोत डोळे वटारलेले, तोंड अर्धवट उघडं, भांबावलेला एक म्हातारा. आणि उजव्या जबड्यावर तो डाग.

स्टेशनजवळच्या फोटोवाल्याकडे गेले. त्याने कार्ड वरखाली करून बघितलं. "मॅडम, बहुत छोटा है. फटेगा. थोडा बनाना पडेगा. अच्छा कर दूँ ना?"

मी घाईत होते. भटजींचा फोन चालू होता, दक्षिणेचं आणि दर्भाचं काहीतरी सांगत होते. म्हटलं, "हाँ, हाँ, अच्छा करो."

बाराव्याच्या संध्याकाळी फ्रेम हातात आली. निळा पडदा. कोट, टाय. केस काळेभोर, रंग दोन छटा उजळ. जबडा गुळगुळीत. फोटोवाला कौतुकाची वाट बघत उभा. "दाग भी निकाल दिया, मॅडम. एक्स्ट्रा कुछ नहीं लिया."

त्याच्यावर ओरडून काय करणार? 'अच्छा करो' म्हणणारी मीच. बाबांनी निदान डाग लपवला होता. पुसला मी.

आईने फ्रेम दोन्ही हातांनी धरून बराच वेळ बघितली. वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पुन्हा हीरोच करून आणलास," एवढंच म्हणाली.

तेराव्याला ती फ्रेम पाटावर उभी राहिली, झेंडूचा जाड हार घालून. सोसायटीतली माणसं येऊन नमस्कार करून गेली. समोरची गुजराती मावशी म्हणाली, "अंकल कितने स्मार्ट थे!" काकांनीही पुन्हा हात जोडले. यावेळी त्यांना कुणी अडवलं नाही.

पानं वाढायची वेळ झाली तरी आई बाहेर आली नाही, म्हणून स्वयंपाकघरात गेले. ओट्याच्या कोपऱ्यात, डब्याला टेकवून तिने ते आधार कार्ड उभं केलं होतं. पुढे समई. हार घालायला तिथे जागाच नव्हती. मी हातातलं झेंडूचं एक फूल कार्डापुढे ठेवलं, तर अख्खा चेहरा झाकला गेला.

आईने फूल उचलून माझ्या हातात परत दिलं. म्हणाली, "नको. आता तरी दिसू दे."