धाकटीचं मावंदं

धाकटी बहीण फ्रान्सला जाऊन आली आणि आईने पूर्णा गावच्या घरी तिचं मावंदं घातलं. काशीहून आलेल्यांचं घालतात तसं, गल्लीला जेवण देऊन. मी समजावून पाहिलं. पण नदीकाठी राहून, जुनी ठिकाणं बघून पोरगी सुखरूप परत आली म्हणजे यात्राच, असं आईचं म्हणणं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. त्या नदीकाठचे महाल, त्यांतली चित्रं वर्षानुवर्षं पुस्तकातून मुलांना दाखवत आले. आणि बघून आली कोण, तर जिची चित्रकलेची वही मी भरून द्यायची ती! फोटोंत प्रत्येक चित्रापुढे हीच उभी. कुठल्याशा राणीचं अर्धं तोंड हिच्या गॉगलमागे.

"मागच्या भिंतीवर काय काढलंय गं?" मी विचारलं.

"असंच काहीतरी जुनं होतं, ताई. पण तिथली वाइन, आहाहा!"

माझा नुसता जळफळाट झाला.

मावंद्याला यात्रेहून आणलेल्या तीर्थाच्या बंद गडूची पूजा होते, मग तो फोडून तीर्थ वाटतात. आईने तीर्थ मागितलं, तर धाकटी नको नको म्हणेपर्यंत शेजारच्या काकूंनी तिच्या बॅगेतून लाखेने बंद केलेली वाइनची बाटली काढून दिली. आईने बाटलीला हळद-कुंकू वाहिलं. आता ती फोडून गल्लीला वाटणार, म्हणून मी मनातून खूश.

"आई, तिकडचं तीर्थ फोडत न्हाईत," धाकटी म्हणाली.

आईने हात जोडले. सुटली बया!

जेवणं झाल्यावर जो तो तिच्या पाया पडायला लागला. यात्रेकरूच्या पाया मोठ्यांनीही पडायचं असतं.

"पड की माय तू बी," आई मला म्हणाली.

वाकले. वाकता वाकता तोंडातून गेलंच, "आई, पुढच्या वर्षी मी जाऊ तिकडं?"

"जा की. पर मग माझ्याकडं कोन बघायचं?"

"ताई, तू तर जायलाच पाहिजेस," धाकटी म्हणाली. "चित्रातलं तुलाच कळतं."

"मग महिनाभर तू राहा आईपाशी."

धाकटी उठून घाईघाईने पत्रावळ्या गोळा करायला लागली. आईने तिचा हात धरून तिला पाटावर परत बसवलं.

"यात्रेकरूनं उष्टं काढू न्हाई," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

मी पदर खोचला.