भरलेल्या बाटल्या

"पाणीच कमी पीत जा ना ताई. इथं काय पाणपोई उघडली का आपण?"

सुपरवायझर हसला आणि त्यानं चहाचा घोट घेतला. मी लाईनच्या टोकाला लॅपटॉपवर हजेरी तपासत होते. वाळूजच्या ह्या कारखान्यात गाड्यांच्या वायरी बांधतात. लाईनवर सगळ्या बायकाच. मी एचआरमध्ये नवीन.

जेवणाच्या सुट्टीआधी बाथरूमला गेलं की पंधरा मिनिटांचा पगार कापायचा, असा आमचा नियम. दोनच मिनिटं लागली तरी पंधरा. म्हणून बायका पाणीच प्यायच्या नाहीत. घरून आणलेल्या बाटल्या संध्याकाळी तशाच भरलेल्या बसमध्ये चढायच्या. आधी मला वाटलं, ह्यांना तहान लागत नसेल. एसीत बसून असंच वाटतं. सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातली निम्मी बाथरूमच्या रांगेत जायची. आत कडी तुटलेली, बादलीत गढूळ पाणी. आमच्या ऑफिसच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये मात्र लॅव्हेंडरचा वास.

गेटजवळ कामगार कायद्याचा सारांश काचेत लावलाय. विश्रांतीची सुट्टी, पगारातली कपात, सगळं त्यात आहे. काच रोज पुसतात.

त्या दिवशी बाथरूमला जायचं विचारणारी बाई मूळची पिशोर गावची. लघवीला जळजळ होते म्हणून डॉक्टरांनी तिला भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं, आणि ती पीत होती.

"लई वेळ दम धरला सर," ती हळूच म्हणाली. "आता नाय होत."

"मग जा ना. मी कुठं धरलंय? पगार कापला जाईल, एवढंच." मग तो माझ्याकडे वळला, आम्ही दोघं एकाच घरचे असल्यासारखा. "मॅडम, टाका ह्यांची एंट्री. रोजचं नाटक आहे."

"चहा तिसरा चालूय ह्याचा," शेजारची बाई मान वर न करता पुटपुटली. "त्याचं कोण कापतं?"

पिशोरची बाई पाय जुळवून उभी होती. कपाळावर घाम. हात मात्र वायरींना टेप गुंडाळतच होते. जायचं की नाही, ते ती माझ्या बोटांकडे बघून ठरवत होती. सुपरवायझरनं बिस्किट चहात बुडवलं, चोखलं. त्याच्या मिशीला ओला चुरा चिकटला होता.

मी लॅपटॉप मिटला.

"ताई, तुम्ही जाऊन या," मी म्हणाले. "मी एंट्री करणार नाही."