ठिबकणारा ट्रक

शिरोली एमआयडीसीत आमच्या फौंड्रीच्या गेटबाहेर एक जुना ट्रक तीन दिवस उभा होता. तेल गळतंय म्हणून वॉचमननं तो आत घेतला नव्हता. ट्रकचा साठीचा मालक तो स्वतःच चालवायचा. पोतं अंथरून तो इंजिनाखाली निजायचा, डिझेलनं सगळं पुसायचा आणि तेल पुन्हा कुठनं पाझरतंय ते बोटानं चाचपत राहायचा. तेल अडवणारी दोन सील बदलली, तरी थेंब पडलाच.

“मामा, नवी गाडी घ्या की आता,” मी म्हणालो.

“पावणं, हिचं दुखणं मला कळतंय. नवीचं कोण सांगणार?”

तिसऱ्या दुपारी त्यानं इंजिनाखालचं पॅकिंग बदललं, तासभर इंजिन चालू ठेवलं आणि वॉचमनला हाताला धरून खाली वाकवलं. वॉचमननं पुसलेल्या जमिनीवरून तळवा फिरवून बघितला आणि गेट उघडलं.