उभ्या खाचांचा ट्रक

कारखान्यात अण्णांना ओळंबा म्हणत. चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली, आणि या माणसाला एकच खोड. स्क्रू आवळून झाला की त्याच्या डोक्यावरची खाच वरून खाली अगदी सरळ उभी राहिली पाहिजे. चार स्क्रू असले तर चारही खाचा उभ्या. मशीनला त्याचं काही सोयरसुतक नसतं, पण यांना एक खाच तिरकी दिसली की घास गोड लागत नसे.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला म्हणजे घराची काही धडगत नाही. महिनाभरात दारांच्या कड्या, पंखे, मिक्सर, सुनेचं शिलाई मशीन, बिघडलेलं आणि न बिघडलेलं सगळं खोलून पुन्हा बसवून झालं. मग अण्णा खिडकीशी बसून राहू लागले. हात नुसते शिवशिवत.

तेवढ्यात नातीच्या बालवर्गातून चिठ्ठी आली. आजी-आजोबांपैकी कुणी आठवड्यातून दोन दिवस वर्गात मदतीला येईल का? नातीला घरात टिल्ली म्हणत. पाच वर्षांची, समोरचा एक दात पडलेला. मुलगा म्हणाला, "अण्णा, जा की. गोष्टी सांगा पोरांना."

गोष्टी आणि अण्णा यांचा छत्तीसचा आकडा. ते हत्यारांची पेटी घेऊन गेले. वीतभर उंचीच्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसले आणि मोडक्या खेळण्यांचं खोकं पुढ्यात ओढलं. पहिल्याच दिवशी दोन मोटारी आणि बाहुलीची ढकलगाडी चालू झाली. पुढच्या खेपेला मुलं रांग लावून उभी. रात्रीच्या जेवणाला अण्णा हिशेब द्यायचे, "आज पाच नग. काय मोडतात रे ही कार्टी!" आणि मुलगा गंभीरपणे मान हलवायचा.

मग एक दिवस कारखान्याचा माणूस घरी आला. शिकाऊ कामगारांचा हात बसवायला आठवड्यातले तेच दोन दिवस याल का, म्हणाला. निवृत्त झाल्यापासून अण्णांनी या बोलावण्याची वाट पाहिली होती. पण आता ते छाती फुगवून म्हणाले, "जमायचं नाही. वर्ग अडून राहील माझ्यावाचून." मुलगा समोरच बसला होता, चहावर फुंकर मारत.

यानंतर दोन महिन्यांनी शुक्रवारी खोक्यातून लाल ट्रक निघाला. मागचं चाक सुटलेलं, आणि त्याचे चारही स्क्रू ट्रकच्या हौद्यात व्यवस्थित ठेवलेले. अण्णांचा हात थांबला. हा ट्रक त्यांनी मंगळवारीच दुरुस्त केला होता. पुढच्या चाकावर त्यांच्या चारही खाचा तशाच उभ्या होत्या. मुलं वस्तू आपटतात, तुडवतात, स्क्रू हरवतात. स्क्रू काढून जपून ठेवत नाहीत. त्यांनी एक स्क्रू उजेडात धरला. खाचेच्या कडेला ताजा ओरखडा होता. हे मोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं.

ते ट्रक घेऊन वर्गाच्या बाईंपुढे उभे राहिले. बाई ओशाळल्या, मग हळूच म्हणाल्या, "खरं सांगू, आजोबा? पहिल्या महिन्यातच सगळं दुरुस्त झालं होतं. मग तुमच्या मुलानं विनंती केली की काहीतरी चालू राहू दे. तुम्ही इतके खुशीत असता…"

"उघडतं कोण?"

बाईंनी उत्तर द्यायच्या आत टिल्ली धावत आली. "मी! नाण्यानं! बाबांनी शिकवलं. पण गुपित आहे हं, आजोबांना नाही सांगायचं." आणि आपण कुणाला सांगून बसलो हे कळल्यावर तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले.

घरच्यांनीच केसानं गळा कापला म्हणतात, तो असा. शत्रू बरा, त्याच्यापुढे माणूस सावध तरी असतो. इथं दोन महिने एक म्हातारा पाच वर्षांच्या पोरीनं सोडलेले स्क्रू आवळत होता, आणि रात्री जेवताना त्याची बढाई ऐकून घरात माना हलत होत्या.

संध्याकाळी मुलगा बूट काढतो न काढतो तोच अण्णा म्हणाले, "कारखान्याचा माणूस आला तेव्हा तू समोर बसला होतास."

मुलाच्या लक्षात आलं. "अण्णा, तिथली मशीनं… तुमचा हात हल्ली थरथरतो. मला भीती वाटली."

"मग तसं तोंडावर सांगायचंस. मी भांडलो असतो, रुसलो असतो. पण तू मूग गिळून बसलास आणि मला खेळणं करून ठेवलंस."

"तुम्ही आनंदात होतात."

"होतो," अण्णा म्हणाले. "तेच तर पचत नाही."

मंगळवारी ते वर्गात गेले. या वेळी पेटीत स्क्रू नव्हते. छोटी हातोडी होती आणि एकदा ठोकले की न उघडणारे रिव्हेट. लाल ट्रकचं चाक लावलं, फिरायला पुरेशी फट ठेवली आणि रिव्हेटचं डोकं ठोकून ठोकून सपाट केलं. तिथं आता खाचच नव्हती, सरळही नाही आणि तिरकीही नाही. मग त्यांनी खोक्यातलं एकेक खेळणं घेतलं आणि सगळ्यांचं तेच केलं. हात थरथरत होता, पण एकही घाव चुकला नाही. दुपारपर्यंत खोकं रिकामं झालं. हातोडी पुसून त्यांनी पेटी मिटली.

टिल्ली खिशातलं नाणं घेऊन शेजारी येऊन बसली. इकडून लावून पाहिलं, तिकडून लावून पाहिलं.

"आजोबा, हे उघडतच नाही."

"नाही उघडणार."

तिनं ट्रककडे पाहिलं, मग मिटलेल्या पेटीकडे.

"मग शुक्रवारी तुम्ही काय करणार?"